बिनकोळशाची काकवी

ऐका. आन् त्यो मोबाईल उलटा ठिव रं, न्हाईतर उठ हितनं. भुताची गोष्ट पायजे ना? सांगते. पर माझी गोष्ट भुतापास्नं सुरू हुत न्हाई, दौलुतात्यापास्नं हुती. माझा थोरला चुलता. मरून चाळीस वर्सं झाली, पर नाव काढलं की अजून डोस्कं फिरतंय माझं.

म्या तवा धा वर्सांची. आमचं गुऱ्हाळ मळ्यात, वड्याच्या पल्याड. रातंदिस चुलवाण पेटल्यालं. आन् आमी पोरी काय करायचो? उसाची चिपाडं वाळवायची, भारे बांधायचे, चुलवाणापाशी नेऊन टाकायचे. हाताची सालटी निघायची. आन् काकवी कुणी चाटायची? पोरांनी! आमी हात फुडं केला की तात्या म्हणायचा, "पोरींनी गोड खाऊ ने." का खाऊ ने? तुझ्या बानं लिवून ठिवलंय व्हय?

त्या साली आई बाळंत झाली. तिसरी बी पोरगीच. चौथा दिस, आईला दूध न्हाई, पोर रडून रडून निळी पडल्याली. आजी म्हणाली, "हौसे, पळ मळ्यात. तात्याकडनं तांब्याभर काकवी आण. अळीव शिजवून घालते हिला. आज दूध उतरलं न्हाई तर पोर जायाची." बा ढेपांची गाडी घिऊन पेठंला गेल्याला. दुसरं कोण जाणार? म्या निघाले.

पोचले तवर तिन्हीसांज. तात्या चुलवाणापुढं बसल्याला. काकवी मागितली. काय म्हणाला ठावं हाय? चार माणसांत, मोठ्यानं! "पोरगा झाला असता तर आख्खी ढेप धाडली असती. तिसरी पोर कुणाला पायजे? आमाला नको हाय ती!"

तिन्हीसांजेला! दिवा लावायच्या येळंला असं बोलत्यात व्हय? त्या येळंला ऐकणारी सगळी माणसंच असत्यात का?

मला असा राग आला, असा राग आला! खोपीमागं गेले, काकवीच्या मडक्यात तांब्या बुडिवला आन् काढला पळ.

आन् तितंच चुकले. रातचं गोडाधोडाचं घिऊन निघायचं तर त्यात कोळसा टाकायचा. शेंबडं पोर बी सांगंल. कोळसा असला की वाटंवरचं काय बी मागं लागत न्हाई. पर कोळसा चुलवाणापुढं, आन् चुलवाणापुढं त्यो मेला बसल्याला! चोरीचा तांब्या घिऊन त्याच्या म्होरं कशी जाणार? गेले तशीच. बिनकोळशाची.

वड्याची पाणंद. दोन्ही अंगाला निवडुंग, आन् अंधार मिट्ट. धा पावलं गेले न्हाई तर तांब्या जड व्हाया लागला. आधी वाटलं हात दुखत असंल. पर न्हाई! कुणीतरी वरनं दाबल्यागत. दोन्ही हातांनी धरला.

मंग मागनं पावलं. चट... चट... चट. काकवीत पाय बुडवून कुणी चालावं तशी चिकट. म्या थांबले की ती थांबायची. म्या चालले की, चट!

"हौसे! चोरटे! ठिव तांब्या खाली!"

तात्याचा आवाज! ठिवणारच व्हते. पर तात्याला खोकल्याबिगर एक वाक्य बोलाया यायचं न्हाई, आन् ह्यो एकदा बी खोकला न्हाई. म्या चालतच ऱ्हायले.

"हौसा, दमलीस गं. दे हिकडं, मीच घ्याया आले."

आईचा आवाज. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. पर चौथ्या दिशी बाळंतीण उंबरा वलांडती व्हय? दात आवळले, पाय उचलला.

मंग निवडुंगातनं तान्हं रडाया लागलं. आमच्या पोरीगत, डिट्टो तसंच! आन् माझ्या कानाशी, अगदी हितं, कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "काकवी ऱ्हाऊ दे तुला. ती पोर दे. तुझा चुलता म्हणला न्हवं, नको हाय म्हणून? मी नेते."

ऐकताय ना? भ्या पळालं माझं. राग आला नुसता! म्या तिथंच हुबी ऱ्हायले आन् तात्या बैलांवर जेवढ्या शिव्या झाडायचा त्या सगळ्या झाडल्या. एक सोडली न्हाई. हितं सांगत न्हाई, सूनबाई बसलीया. भुताला शिव्या सोसत न्हाईत. पावलं थांबली, तांब्या हलका झाला, आन् म्या जी सुटले ती आमच्या अंगणात.

दारात आजी. "थांब! मागं बघू नगं. कोळसा टाकलाय का?"

"न्हाई गं आजी."

आजीनं आईच्या शेगडीतला इस्तू चिमट्यानं उचलला आन् तांब्यात सोडला. चुर्रर्र! तवा माझ्या पाठीमागं अंगणातनं आवाज आला. तात्याचाच, पर हळू. "आमाला नको हाय ती."

माझी आजी, जी पोटच्या ल्येकापुढं कधी वर मान करून बोलली न्हवती, ती वरडली, "आमाला पायजे! तिच्या आईला पायजे, भनींना पायजे, मला म्हातारीला पायजे! नको म्हणणारा तिकडं बसलाय, त्याच्याकडं जा!"

आन् मला आत वढून कडी घातली.

सकाळी बघतो तर अंगणात चिकट पावलं. उंबऱ्यापतोर आल्याली, आन् तितनं वळून पाणंदीला लागल्याली. नीट गुऱ्हाळाकडं. त्या रातीचा गूळ बसलाच न्हाई, नुसता लगदा! आन् तात्या तापानं फणफणत, चुलवाणापुढं हात जोडून पडल्याला. पंधरा दिसांनी उठला. मला लई वाईट वाटलं. उठला ह्याचं!

तर ती पाणंद अजून हाय. दिस मावळल्यावर तितनं जायाचं न्हाई, आन् घरात तान्हं असलं तर मुळीच न्हाई. आन् तिन्हीसांजेला कुणाच्या लेकराला नको म्हणलात, तर दारात हुबी ऱ्हायला माझी आजी आता न्हाई, सांगून ठिवते.

ए गोडा, हसतीस काय कोपऱ्यात बसून? सत्तरी आली तुझी, पर त्या रातीला येवढीशी निळी व्हतीस. सूनबाई, ऊठ. मडक्यातली काकवी काढ आन् आधी माझ्या भनीला वाढ. पोरं थांबत्याल.