गाडी लावतोय, येईल एवढ्यात

...आता नवस काय, मी जन्मभर बोलत आलेय. चष्मा हरवला की संत अँथनीला, केक फुगला नाही की संत मार्थाला, आणि आमचा डेल गणितात पास व्हावा म्हणून संत ज्यूडला तर मी इतकं पिडलं की त्यानं कंटाळून पास केला असणार. पण यंदा राखेच्या बुधवारी, उपासकाळ सुरू होतो त्याच दिवशी, संत योसेफापुढे जो नवस बोलले ना, तुम्हाला सांगते, तसला नवस शहाण्या बाईनं बोलू नये. एरवी माझे नवस कसे, देव आणि मी, मध्ये कुणी नाही. बटाटा सोडला तर मी सोडला, पाय दुखले तर माझे दुखले. ह्या नवसात मी तिसऱ्या माणसाला ओढलं, आणि तो तिसरा माणूस कोण हे ठरवलंच नव्हतं!

नवस असा की उपासकाळातल्या एकाही शुक्रवारी मी एकटी जेवणार नाही. शेजारी नाहीतर समोर कुणीतरी बसून खात असलेलं हवं, नाहीतर घास नाही, तसंच झोपायचं. का म्हणाल... नोव्हेंबरात आमचा नॉर्बर्ट गेला. एकोणचाळीस वर्षं दर शुक्रवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जाऊन तळलेला मासा खाल्ला, बर्फ असो नाहीतर वादळ असो. तो गेल्यावरच्या शुक्रवारी मी मासा डब्यात बांधून घेतला आणि हॉलबाहेर गाडीत बसून खाल्ला, काचा वर करून. आणि वाईट कशाचं वाटलं सांगू? मासा चांगला लागला. त्याचीच मला भीती वाटली. म्हणून योसेफाला म्हटलं, बाबा, दुःख कमी कर असं मी म्हणत नाही, तुलाही पुष्कळ कामं असतील, पण मला ह्याची सवय तेवढी होऊ देऊ नकोस.

पाच शुक्रवार सुरळीत गेले. आपल्या गावात काय, हॉलमध्ये पाऊल टाकलं की कुणी ना कुणी ओढून बसवतंच. आपली डेल्फीन बसली, तिचा दीर बसला, एका शुक्रवारी तर फादर स्वतः ताट घेऊन आले आणि माझे निम्मे बटाटे खाऊन गेले. पण सहावा शुक्रवार पडला शिकागोत. नॉर्बर्टनं सप्टेंबरातच दोन तिकिटं काढून ठेवली होती, दोनशे माणसांचं गायन आणि शंभर वाद्यं, आमच्या चाळिसाव्या वर्षासाठी. बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये लपवलेली, मला मार्चमध्ये टोमॅटो शोधताना सापडली! डेल म्हणाला, आई, मी येतो तुझ्याबरोबर. आणि त्याच सकाळी त्याचा फोन, आई, गाय व्यायला झालीये आणि वासरू आडवं आलंय, मी कसा निघू? आता वासराला काय सांगणार मी, की थांब बाबा, माझा नवस आहे?

तर मी एकटी मिल्वॉकीहून रेल्वेनं शिकागोला उतरले, चार वाजता. गायन साडेसातला. मनात म्हटलं, साडेतीन तास आहेत, सत्तावीस लाखांचं शहर आहे, त्यातला एक माणूस माझ्याशेजारी बसून जेवणार नाही का? मी आपली आशेवर.

पहिलं ठिकाण स्टेशनजवळच, सगळं काचेचं. दारात एक मुलगी उभी, उंच, काळ्या कपड्यातली, तिनं माझ्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "फक्त एकच?" आता एक म्हटलं असतं तरी चाललं असतं ना? तो 'फक्त' कशाला? तो 'च' कशाला? मी म्हटलं हो. तिनं मला टेबल न देता बारच्या उंच स्टुलावर बसवलं. त्यावर चढायचं म्हणजे काय, माझा एक पाय खालच्या दांडीवर, दुसरा हवेत, आणि हातात हा एवढा कोट. चढले, कोट शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि दम खाल्ला. खायचं काय काय आहे ते म्हणे फोनमध्ये पाहायचं. पाहिलं. गाईचं मांस, डुकराच्या बरगड्या, पुन्हा गाईचं मांस. उपासाचा शुक्रवार आहे हो, मांस चालत नाही! मी म्हटलं, साधा बटाटा? तर बटाट्यावरसुद्धा डुकराचे तुकडे भुरभुरलेले. तेवढ्यात एक हिरव्या टोपीतली बाई आली, माझ्याच वयाची, चेहऱ्यानं भली, म्हणाली, "इथे कुणी बसलंय का?" मी म्हटलं, "हो, येतोय, गाडी लावतोय." ती म्हणाली बरं बरं, आणि पार तिकडच्या टोकाला जाऊन बसली. मी मनात म्हटलं, बघा शहरातली माणसं, दोन शब्द बोलतील, बसतील, तर नाव नको! उतरले स्टुलावरून. उतरणं चढण्यापेक्षा वाईट.

दुसरं ठिकाण डेलनं लिहून दिलेलं, फार नावाजलेलं, आई, तिथली दारू पिऊन बघच. आत अंधार इतका की मला वाटलं वीज गेलीये. बारमागे एक मिशीवाला, मिशीची टोकं पीळ देऊन मेणानं उभी केलेली. मी म्हटलं, मला एक ओल्ड फॅशन्ड दे बाबा, ब्रँडीचा, गोड. आपल्याकडे कसं, संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासात चेचायची, साखर, ब्रँडी, वर गोड सोडा, शुक्रवारी माशाआधी तेच पितात, लहानपणापासून पाहतेय. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आईच्या फोटोवर सॉस ओतायला सांगितलं. "मॅडम, तो व्हिस्कीचा असतो." मी म्हटलं, तुमच्याकडे असेल, आमच्याकडे ब्रँडीचा. तो म्हणाला, "आणि आम्ही फळं चेचत नाही." हे असं, हळू आवाजात, दवाखान्यात सांगतात तसं. मग त्यानं एका काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून मला ग्लास दिला. धूर प्यायला दिला हो मला! खायला पाटीवर तीन ऑलिव्ह. लिहायची पाटी, त्यावर तीन. त्यातलं एक घरंगळलं.

आणि तिथेही तेच. एक दाढीवाला तरुण आला, पाठीवर माझ्याएवढी वाद्याची पेटी, घामानं भिजलेला, म्हणाला, "इथे कुणी बसलंय का?" मी कोटावर हात ठेवून म्हटलं, "हो, नवरा येतोय, गाडी लावतोय." बिचारा पेटी सावरत भिंतीला टेकून उभा राहिला. मी दोन ऑलिव्हांकडे बघत बसले. खाल्ली नाहीत, शेजारी कुणी नव्हतं ना! नवस म्हणजे नवस. योसेफाला म्हटलं, अरे तूसुद्धा बेथलेहेमात दारोदार फिरलास, जागा नाही, जागा नाही, ऐकत. पण तुझ्याबरोबर निदान बायको होती.

सहा वाजले. बाहेर त्या समुद्राएवढ्या तळ्यावरचा वारा, पोटात कावळे, आणि डोक्यावरून लोखंडी पुलावरची रेल्वे धडधडत चाललेली. त्या पुलाखालीच एक छोटा बार दिसला, खिडकीत कागद चिकटवलेला, शुक्रवारी उपासाचं जेवण. मला रडूच आलं जरा. वाऱ्यानं असेल.

आत काउंटरमागे एक बाई, चाळिशीची, येसेनिया तिचं नाव, आणि कपाळावर आठी असलेली, पण आठीच्या आतून प्रेमळ. ती म्हणाली, "सिन्योरा, मांस नाही मिळायचं आज, आजी भूत होऊन येईल माझी." कोळंबीचे वडे लाल रश्श्यात, आणि पावाचा गोड पदार्थ, दालचिनी, मनुका, वर चक्क चीज. आणि ब्रँडी आहे का विचारलं तर तिनं खालून मेक्सिकोची एक धुळकट बाटली काढली, संत्रं कापलं आणि म्हणाली, कसं करायचं ते तुम्ही सांगा. मी सांगत गेले, ती चेचत गेली! ताट समोर आलं. वाफ नाकात. मी हात जोडून बसले. कोट शेजारच्या स्टुलावर. बार भरलेला, माणसं उभी.

एक बांधकामावरची मुलगी आली, टोपी काखेत. "इथे कुणी बसलंय का?" "हो, येतोय, गाडी लावतोय." मग एक नवराबायको, त्यातल्या बायकोला तरी बसायचं होतं. "येतोय हो, गाडी लावतोय." मग एक उंच, काळेसावळे, म्हातारे गृहस्थ, हॅट काढून विचारलं त्यांनी, गुडघे दुखत असावेत, एका पायावर भार. "येईल एवढ्यात," मी म्हटलं, "गाडी लावतोय." ते म्हणाले, "ह्या भागात गाडी लावायची म्हणजे देवच मालक, मॅडम." आणि ताट घेऊन खिडकीच्या फळीशी उभ्यानं खायला लागले.

रस्सा निवायला लागला. येसेनिया ग्लास पुसत माझ्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "सिन्योरा, तुम्ही खात का नाही?"

मी तिला नवस सांगितला. सगळा. ती उपासाचं जेवण करणारी बाई, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "शेजारी कुणीतरी हवं."

"हो."

"मग तिघांना का हाकललंत?"

मी म्हटलं, मी कुठे हाकललं?

"नवरा कधी येणार?"

आणि तुम्हाला सांगते... माझं तोंड उघडं होतं. उत्तर तयार होतं, एकोणचाळीस वर्षं तयार आहे ते. आपल्याकडे हेच नाही का, नवरा बायकोला दारात सोडतो आणि गाडी लावायला जातो, बायको आत शिरते आणि दोन खुर्च्या धरते, एकीवर आपण आणि एकीवर कोट. मी किती खुर्च्या धरल्यात त्या हॉलमध्ये, बिशप आले तरी सोडल्या नाहीत! त्या हिरव्या टोपीवालीला, त्या पेटीवाल्याला, ह्या तिघांना, मी, मीच... आणि वर संध्याकाळभर योसेफाशी भांडत होते की माणूस पाठव, माणूस पाठव. त्यानं पाच पाठवले हो. मोजून पाच.

मी म्हटलं, "तो नोव्हेंबरात गेला."

येसेनियानं ग्लास खाली ठेवला. तिनं खिडकीकडे हाक मारली, "मिस्टर वेंडेल, जागा झालीय." आणि माझ्याकडे पाहत राहिली. कोट तिनं उचलला नाही. कोट मलाच उचलायला लावला. साधा लोकरीचा कोट, किती जड झाला होता सांगू! उचलला, मांडीवर घेतला.

ते गृहस्थ ताट घेऊन आले, हळूहळू बसले, हॅट गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाले, "लागली का मग गाडी?"

मी म्हटलं, "लागली. मागेच लागली होती. मला आज कळलं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. एकतीस वर्षं शहराची बस चालवली म्हणाले, गाड्या लावणारे नवरे पुष्कळ पाहिलेत. बायको गेली तेव्हा ते वर्षभर दोन कप कॉफी करत होते, दुसरा ओतून देत. मग एक दिवस म्हणे दुसरा कपही स्वतःच प्यायला लागले, आणि डॉक्टरनं रक्तदाब वाढला म्हणून झापलं. आम्ही हसलो. मी खाल्लं. गार रस्सा, पण कोळंबी... अहो, ताटली पुसून खाल्ली पावानं. शेजारी माणूस चावताना ऐकू आलं ना, की जेवण जेवणासारखं लागतं, हे मी विसरूनच गेले होते.

आता तुम्हाला वाटेल, पुढे ते माझ्याबरोबर गायनाला आले. दुसरं तिकीट होतंच की माझ्याकडे! मी विचारलंही, लाजत लाजत. ते म्हणाले, "मॅडम, दोनशे माणसं एकदम गायला लागली की मला झोप लागते, आणि मी घोरतो. तुमचे पैसे वाया जातील आणि त्यांचं गाणंही." आणि हॅट घालून मला चौकापर्यंत सोडून गेले, एका पायावर भार देत.

तर मी गेले एकटीच. सभागृहाच्या दाराशी पुन्हा तशीच एक काळ्या कपड्यातली मुलगी, पुन्हा माझ्या मागे पाहिलं, "फक्त एकच?" मी म्हटलं, "एक. 'फक्त' राहू दे बाळ." वर बाल्कनीत बसले, शेजारची खुर्ची नॉर्बर्टची, रिकामी. आणि हात गेलाच हो, सवयीनं, कोट घेऊन त्या खुर्चीकडे! मागे घेतला. दोन तास तो एवढा लोकरीचा कोट मांडीवर धरून बसले, दोनशे माणसं गात होती आणि मी भट्टीतल्या पावासारखी भाजत होते. मध्यंतरात मी येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून हसत होते, की विचारा, कुणीतरी विचारा, आज उत्तर वेगळं आहे माझं. कुणी विचारलं नाही. कुणी बसलं नाही. पण खुर्ची रिकामी होती. अडवलेली नव्हती. ह्यात फरक आहे, तुम्हाला सांगते, मला सहा शुक्रवार लागले तो कळायला.

म्हणून म्हणते, मोठा नवस बोलू नका, बटाटा सोडू नका, गुडघ्यांवर पायऱ्या चढू नका. एवढंच करा. आत्ता, ह्या हॉलमध्ये, तुमच्यातल्या किती जणींचा कोट शेजारच्या खुर्चीवर पडलाय ते मला इथून दिसतंय. तो उचला आणि मांडीवर घ्या. उकडेल. उकडू दे. आणि माझा नॉर्बर्ट आलाच चुकून, तर त्याला सांगा, उशीर त्यानं केलाय, आता भिंतीशी उभा राहून खा.