एका घराचा ठिपका

हॅलो? उज्वला वहिनी? बरं झालं तूच फोन केला... हाव, मी नांदेडलाच, ऑफिसात. आधी माझं ऐक.

न्हाई न्हाई, संघपालदादा बरा हाय. अगं ऐक ना...

आमचं ते काम हाय ना, लोकांच्या मोबाईलवरून कोण कुठं जातंय-येतंय बघायचं? बस कुठून कुठं पाहिजे ते ठरवायला? हो, हो, तेच. काल सरांनी लोह्यात, तुमच्या तालुक्याच्या बैठकीत, लोकांना त्याचा नकाशा पडद्यावर दाखवला. तुझा भाऊ आला होता... बालाजी, हो.

नावं नसतात गं त्यात. नंबर बी नसतो. नुसते ठिपके. पण एक ठिपका दिवाळीपर्यंत रोज रात्री तुमच्या शेतातल्या आखाड्यावर असायचा, आन् आता रोज लातुरात असतो. आखाड्यावर घर एकच हाय ना वहिनी. तुझ्या माहेरचं.

सिम बदललंस, पण फोन तोच ठेवलास ना?

बालाजी म्हणाला, हा ठिपका जरा मोठा करा. सरांनी केला. तुमची गल्ली दिसली त्यात... सर मला आत्ता कौतुकानं सांगून राहिले, लोक किती रस घेतात म्हणून. त्यांना काय माहीत. लग्न केलं तेव्हा दादाची जात काढून काय बोलला होता बालाजी, विसरलीस? मला लई भीती वाटून राहिली. दाराला कुलूप लाव आन् शेजारी महादेवी मावशीकडं जाऊन बस.

काय?... कोणत्या गाडीत?

तुझे मामा आले न्यायला? आई सिरीयस हाय म्हणून?... वहिनी, मामांना तुझं घर कुणी दाखवलं?

रडू नको. त्यांना कळंल. नुसतं हो-न्हाई म्हण. बालाजी बी हाय गाडीत?... पुढं बसलाय?

बरं... बरं. अहमदपूर गेलं का?... न्हाई ना? मग स्टँड आलं की उलटी येतीय म्हण. उतर आन् माणसांत जाऊन उभी राहा. मी दादाला सांगते, पोलिसांना बी फोन लावते. तू नुसतं...

वहिनी? हॅलो?

कोण?... बालाजी भाऊ... न्हाई, काही न्हाई, सहजच... गाडी थांबवता का जरा? न्हाई, तसं न्हाई... ऐका ना भाऊ, हात जोडते मी. दिवस गेलेत तिला. तिसरा महिना हाय.

भाऊ?... हॅलो?... हॅलो?