न झाडलेली खोली

रहाटणीच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. दीपमाला मोबाइल बघत होती, कान मात्र शेजारच्या दोघींकडे. कुसुमताईंनी म्हातारीला विचारलं,

“अंबुमावशी, न्यूयॉर्कला पोचला का लेक?”

“न्हाई अजून.”

“मुंबईहून सोळा तासांचं तर विमान. गेला कधी?”

“श्रावनात.”

“अहो, आता दिवाळी आली. फोन नाही का येत?”

“रोज येतो. पोचलो म्हनतो. आवाज बी त्याचाच हाय.”

“मग?”

“साडेबारा हजार किलोमीटर हाय म्हनं. येवढ्या लांब सोळा तासांत नुसतं अंग जात आसंल, मानूस न्हाई. मानूस पोचेस्तवर त्याची खोली झाडू नये. म्या कुलूपच लावलं. आज उघडली, तर धुळीत पावलं.”

“कुणाची?”

“डाव्या पायाला करंगळी न्हाई. चाकणला कंपनीत लोखंडाचा साचा, डाय म्हनत्यात ती, पडली हुती त्याच्या पायाव.”

“जाताना उमटली असतील.”

“आत जानारी हायेत. भायेर येनारी न्हाईत.”

म्हातारीच्या पिशवीत फोन वाजला.

“त्याचाच हाय.”

“उचला की.”

“उचलते. पन कुठं पोचलास, ते तुमी इचारा.”