दिल्लीला जाणारा फोटो

माझी पहिलीच चूक कोणती, सांगू? परदेशात नगररचना शिकून नांदेडला परतले होते आणि नदीकाठच्या वस्तीत लोकांचे घरकुलाचे अर्ज भरून देत होते. अर्जाला पडक्या घराचा फोटो लागतो. उत्साहाच्या भरात मी कमलमावशींना सांगून बसले, "मावशी, उद्या तुमच्या घराचा फोटो थेट दिल्लीला जाणार!"

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर भिंतींना ताजा चुना, दारात रांगोळी आणि गळक्या पत्र्यावर लग्नाच्या मांडवाची झालर.

"मावशी, हे काय केलंत? घर पडकं दिसायला हवं!"

"का बरं? दिल्लीवाले बघणार अन् आमी पसारा दाखवावा?"

"चांगलं दिसलं तर घरकुल मिळणार नाही हो."

"मंग शेजारणीच्या घराचा काढ. तिचं लई वंगाळ हाय."

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "समदं ऐकू येऊन राहिलं मला!"

शेवटी मागच्या, ओल धरलेल्या भिंतीसमोर त्या कशाबशा उभ्या राहिल्या. पदर सारखा करून, अगदी ताठ. फोटो काढून मी अर्ज पाठवणार, इतक्यात त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, खाली तेवढं लिही, हे घराचं मागचं अंग हाय म्हून."