मैदान राखलं, पण कुणासाठी?

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. चांगली वस्तू राखणं हे पुण्य. पण राखता राखता माणूस तिचा मालक होऊन बसला, तर त्या पुण्याचं काय होतं? माना डोलावू नका, आधी ऐका!

पाणसरे गावात जनार्दन बिडकर नावाचे मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले, तरी चालताना डावा-उजवा चुकला नाही. गावात एकच मैदान – सरकारी कागदावर 'राखीव मोकळी जागा'. तिथं दुकानं बांधायचा घाट घातला होता, तेव्हा मास्तर सात वर्षं कोर्टात भांडले आणि जिंकले. खरंच मोठं काम! पण तेव्हापासून मैदानात बकरी शिरली, तरी मास्तरांना वाटायचं, आपल्या स्वयंपाकघरात शिरली.

पुढं नगरपालिकेनं ठरवलं – मैदान कमरेइतकं खोल करायचं. आठ महिने पोरं खेळतील. पावसात ओढा फुगला की पाणी तिथं थांबेल, खालची कुंभारआळी बुडायची नाही. सुनावणीत मास्तर उठले आणि अर्धा तास बोलले. "मैदानातली मूठभर माती हलू देणार नाही." टाळ्या पडल्या. कुणाच्या? वरच्या आळीच्या. त्यांच्या घरात पाणी कधी शिरलंच नव्हतं!

मग कौसाबाई कुंभारीण उठली. "मास्तर, पाण्यालाबी कुठंतरी टेकावं लागतं. तुम्ही मैदानात येऊ देत नाही, म्हणून ते माझ्या घरात येतं."

झालं, मास्तरांना राग आला. आता राग कशाचा येतो, मंडळी? खोट्याचा नाही येत. खरं असलं की येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तिच्या दारात हजर. म्हणे, शहानिशा करायला! आत गेले, तर आढ्याला चार दोर, दोरांना बाज टांगलेली आणि बाजेवर एक म्हातारी.

कौसाबाई म्हणाली, "सासूबाई. पाय चालत नाहीत त्यांचे. पाणी एकाएकी येतं, म्हणून पावसाळाभर वरच ठेवते."

वरून म्हातारी बोलली, "कोण, बिडकरांचा जनू का? ये रे. मला काही त्रास नाही. वर जायची सवय आधीच झालेली बरी."

मास्तर हसायला गेले, पण हसू आलं नाही. सात वर्षं ते मैदानाची सीमा मोजत होते. त्या सीमेच्या खाली शंभर पावलांवर काय आहे, ते बघायला आले नव्हते.

पुढच्या सुनावणीत मास्तर पुन्हा उठले. म्हणाले, "मी चुकलो. खणा." पण मास्तर ते मास्तरच. "मात्र लिहून द्या – मैदानावर सिमेंट घालायचं नाही, फाटकाला कुलूप नको, आणि साचलेलं पाणी उपसायला पंपाची खोली बांधाल, तिला जेवढी जागा जाईल तेवढी दुसरीकडं मोकळी सोडायची." नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "विश्वास ठेवा." मास्तर म्हणाले, "ठेवतो. कागदावर ठेवतो." तीन बैठका लागल्या, पण सही घेतलीच.

मैदान खणलं. चिकणमाती निघाली, ती कुंभारांनी नेली. पावसाळ्यात ओढा फुगला आणि दोन दिवस मैदानाचं तळं झालं. फिरणं बंद म्हणून मास्तरांचा चडफडाट! पण आळीत पाऊल भिजेल एवढंच पाणी, उंबऱ्याच्या आत थेंब नाही. कौसाबाईनं दोर सोडले, बाज जमिनीवर टेकवली. म्हातारी म्हणाली, "इथून दार दिसतं गं." आणि दिवसभर दाराकडं बघत राहिली.

मंडळी, मास्तरांचं मैदान गेलं का? नाही. ते आत्ता कुठं सगळ्यांचं झालं. आपणही बरंच काही राखतो – देवळाचा पार, विहिरीचा काठ. इथं पुढच्या रांगेत तर शेजारणीसाठी रुमाल टाकून जागा राखलीय, ती मला मघापासून दिसतेय. राखा, जरूर राखा. पण घरी जाताना एकदा बघून या – आपण अडवलेलं पाणी कुणाच्या घरात शिरतंय.

आणि ताई, तो रुमाल उचला. मागं एक आजी उभ्या आहेत.