रक्ताची अचानक तपासणी

तपासणीची तयारी कशी करावी, हे आमच्या मामांकडून शिकावं. मामा नागपुरात सरकारी कचेरीत बडेबाबू होते. डॉक्टरांनी त्यांना थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती. पण मामांना डोळे उघडताच चहा लागायचा. चहा झाला की म्हणायचे, "आता उपाशीपोटी कुठं राहिलो?" आणि गोळी उद्यावर जायची.

तपासणीसाठी रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी साचलेल्या गोळ्यांची मूठच भरली.

मामी ओरडली, "काहून जी, साऱ्या गोळ्या एकदमच गिळून राहिले?"

"उद्या तपासणी हाय वं. मागचं पेंडिंग काम क्लिअर करून राहिलो."

हा रिपोर्ट तेव्हा मुंबईहून यायचा. तो आला तेव्हा दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बडेबाबू, एक आकडा म्हणतो गोळ्या भरमसाठ झाल्या, दुसरा म्हणतो महिनाभर गोळीच घेतली नाही. आदल्या दिवशी मूठभर खाल्ल्या ना?"

"साहेब, तपासणीच्या आधी आम्ही कचेरीपण झाडून घेतो."

डॉक्टर भडकले. "अशानं जीव जाईल! आता तारीख सांगणारच नाही. कंपाउंडर कधीही अचानक येऊन रक्त काढून नेईल."

मामा मान डोलावून उठले. मला वाटलं, चला, सुधारले. पण दारात त्यांनी कंपाउंडरच्या खांद्यावर हात ठेवला.

"अचानक तपासणीले आपली ना नाही गा. फक्त आदल्या दिवशी ऑफिसात एक फोन करजो. आमच्याकडे तशीच पद्धत हाय."