दीक्षाच्या वाटच्या विड्या

—आरं सतीश, चप्पल काढ की आदी! विहार हाय ह्यो. आन येवढ्या तावातावानं कुनाला हुडकतोयस? दीक्षाला व्हय? हाय की, हितंच हाय. वर कॉम्प्युटरला बसलीय. काय? लाईट गेलीय? व्हय की, मगाशीच गेली. मग मागच्या खोलीत चित्रकलेला आसंल, न्हायतर हलगीच्या पोरांत. शाळा सुटल्यावरचे किती वर्ग काढल्यात ह्या सरांनी, माझ्या कुटं ध्यानात ऱ्हातंय—मी आपली किल्लीवाली भीमाआत्या, झाडायचं आन कुलूप लावायचं.

बस तरी. आसा बघू नगंस माझ्याकडं. कबड्डी? कोन म्हनलं? मैदानावर दिसली तर शाळाबी बंद करीन म्हनलावतास, सगळ्या गल्लीनं ऐकलंय की ते. मग जाईल कशी? पोरगी घाबरती तुला, बापाला, लई घाबरती. हे बघ तिचं सूप. कान सरांकडं आन हात विड्यांवर, वाटच्या विड्या झाल्या तरच अभ्यासिका—तुझीच अट न्हवं का? झाल्यात की सगळ्या! पोरगी हितं नसती तर ह्या काय आभाळातनं पडल्या?

काय झालं? उचलून काय बघतोयस? लई सफाईदार हायत म्हंजी? मी न्हाय बाबा वळल्या. माझी बोटं बघ, वाकडी झाल्यात, पान धरवत न्हाय मला. बाकीच्या पोरींनीबी न्हाय, त्यांचंच त्यांना उरकत न्हाय. मी कशाला खोटं सांगू? सूप आलं तवाच भरल्यालं हुतं, दुपारीच घरनं आनून ठिवलं—

न्हाय. तसं न्हाय. म्हंजी दीक्षानंच... सतीश, आरं, बुद्धप्रियाचा काय दोष न्हाय. आई हाय ती. पोरीला खेळताना बघून रडली हुती रं, मैदानाच्या भिंतीआड उभी ऱ्हाऊन. तुला सांगायचं म्हनत हुती, धीर झाला न्हाय तिला—

गाडी कशाला चालू करतोयस? ऐक. अक्कलकोटला जा. तितं सामना हाय आज, जिल्ह्याच्या संघात घेनार हायत पोरींना. जा, वढून आन तिला, समद्यांदेखत आन, मी आडवी येत न्हाय. पर घराकडं नगं जाऊस. बुद्धप्रिया येकटीच हाय घरात. सतीश, आरं तिकडं न्हाय—तिकडं नगं वळवूस—